परीखान्याच्या दारी मुंबईचा वकील

लखनौला बदली होऊन येणाऱ्या मराठी माणसाचा या शहराशी पहिला परिचय बहुधा अमौसीला होतो. विमानाने येणारा तर येथे उतरतोच; कानपुराकडून रेल्वेने येणाऱ्यालाही चारबागेपूर्वी अमौसीचे छोटे स्थानक लागते. नबाबी लखनौचे कोणतेही चिन्ह येथे दिसत नाही. कारखाने, गोदामे, सरकारी वसाहती आणि रुंद रस्ते पाहून नवागताला वाटते की आपण पुन्हा एकदा अशाच एका गावी येऊन पडलो आहोत, की जे कोणत्याही प्रांतात असते तरी चालले असते. गेली काही वर्षे प्रस्तुत लेखकाचा मुक्काम याच भागात आहे, आणि ज्या शोधाविषयी पुढे लिहावयाचे आहे त्याचे निमित्तही येथेच घडले.

शेजारच्या मराठी कुटुंबातील चिरंजीव स्वीडनमध्ये शिक्षणासाठी राहून सुट्टीवर घरी आले होते. त्यांना तिकडच्या संगीताचे वेड लागले होते. मोठ्या कंपन्यांनी छापलेले, नभोवाणीवरून वाजणारे संगीत त्यांना नको होते. कोणाच्याही आश्रयावाचून, बहुधा स्वतःच्याच खर्चाने, तळघरांत आणि शाळांच्या दिवाणखान्यांत काही तरुणांनी केलेल्या प्रयोगांचे ते भोक्ते होते. एका संध्याकाळी त्यांनी मला ‘पेर्शन साउंड’ या मंडळीचे ध्वनिमुद्रण ऐकविले. प्रथम कंटाळा आला. एकच स्वर धरून वाद्ये दहा दहा मिनिटे घुमत होती. पण थोड्या वेळाने कान स्थिरावले आणि आपण तंबोऱ्याच्या जवळ बसलो आहोत असा भास होऊ लागला. मी तसे म्हणताच ते हसून म्हणाले, “काका, हे सारे १९६७-६८ मधले आहे. लोकांच्या हाती आले ते २००१ साली. तोपर्यंत फिती नुसत्या पडून होत्या.”

त्यांनी पुढे जे सांगितले तेही मनोरंजक होते. या मंडळीचा प्रमुख बू अँडर्स पेर्शन हा स्टॉकहोमच्या राजकीय संगीत महाविद्यालयाचा विद्यार्थी. १९६७ साली टेरी रायली हा अमेरिकन संगीतरचनाकार स्वीडनला आला होता. एकच लहान स्वराकृती पुनःपुन्हा आळवून तिच्यातून नवे रूप उभे करण्याची त्याची रीत या तरुणांनी उचलली. पुढे याच मंडळीतून ‘झाडे, गवत आणि दगड’ अशा अर्थाच्या नावाचा संच उभा राहिला. १९७० साली स्टॉकहोमच्या एका मोकळ्या माळावर मोठ्या संस्थांच्या आधारावाचून संगीताचा जो विनामूल्य उत्सव झाला, त्या चळवळीत ही मंडळी होती. आणि तो टेरी रायली? तो त्याच वर्षी, १९७० साली, किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. किराणा घराणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मिरज उभी राहते, अब्दुल करीम खांसाहेबांची समाधी आणि तेथील वार्षिक संगीतसभा उभी राहते. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या त्या तळघरातला धागा असा वळत वळत कृष्णाकाठी येऊन पोचतो.

चिरंजीवांनी निघताना सहज विचारले, “आपल्याकडे असे कोणी केले आहे का? कोठे तरी दडलेले, कोणी न छापलेले संगीत शोधून काढणारे?” मी म्हणालो, “केले आहे. आणि ते येथून तासाभराच्या वाटेवर आहे.” दुसऱ्या दिवशी आम्ही अमौसीहून मेट्रोने हजरतगंजला गेलो आणि तेथून कैसरबागेत, वाजिद अली शाहाच्या परीखान्यासमोर जाऊन उभे राहिलो. त्या वास्तूत आज भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे. मुंबईच्या वाळकेश्वरी जन्मलेल्या एका वकिलाचे नाव अवधच्या शेवटच्या नबाबाच्या महालावर कसे आले, याची हकीकत मी त्यांना तेथे थोडक्यात सांगितली. ती जरा सविस्तर सांगावी, कारण तिच्यात आपणा परप्रांती राहणाऱ्या आणि कचेऱ्यांत बसणाऱ्या लोकांनी विचार करावा असे काही आहे.

प्रथम त्या काळाची कल्पना आली पाहिजे. १८५६ साली वाजिद अली शाह पदच्युत होऊन कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्ज येथे गेला, आणि पुढल्याच वर्षीच्या उठावानंतर उत्तरेतील अनेक गुणिजनांचा आश्रय तुटला. जे गायक-वादक राहिले ते रामपूर, ग्वाल्हेर, जयपूर, बडोदे अशा संस्थानांत विखुरले. विद्येचा साठा पुस्तकात नव्हता. तो माणसांच्या कंठात होता, आणि तो कंठ सहजासहजी उघडत नसे. एखादी जुनी चीज म्हणजे घरातील दागिना. ती मुलाला द्यावयाची, फार तर जावयाला द्यावयाची. परक्याच्या कानावर पडलीच तर अस्ताई ऐकवावयाची आणि अंतरा गिळावयाचा. यात केवळ कृपणपणा होता असे मानणे अन्यायाचे होईल. ज्याला जमीन नाही, वेतन नाही, उद्याच्या दरबाराची शाश्वती नाही, त्याचे सारे धन ती चीजच होती. इंग्रजी शिकलेला मध्यमवर्ग मात्र गाण्याकडे पाठ फिरवून बसला होता. गाणे म्हणजे कोठ्यावरची आणि दरबारातली गोष्ट, सभ्य घरात तिचे काय काम, अशी त्याची समजूत होती. स्वीडनच्या तरुणांचे संगीत तळघरात राहिले ते बाजाराला नको होते म्हणून; आपले संगीत दडून राहिले ते मालकाला गमावण्याचे भय होते म्हणून आणि शिष्ट समाजाला त्याची लाज वाटत होती म्हणून.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी झाला. १८८७ साली ते वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. काही काळ कराचीस व पुढे मुंबईत त्यांनी वकिली केली. पण त्यापूर्वीच, १८८४ साली, ते मुंबईच्या ‘गायन उत्तेजक मंडळी’चे सभासद झाले होते. ही मंडळी कैखुश्रो काबराजी या पारशी गृहस्थांनी १८७० साली स्थापिली होती. सुशिक्षित गृहस्थांनी उघडपणे एकत्र बसून गाणे ऐकावे व शिकावे, ही कल्पनाच त्या काळी धाडसाची. मंडळीच्या आश्रयाने मुंबईत येणाऱ्या गवयांपाशी बसण्याची संधी भातखंड्यांना मिळाली. सतार ते आधीच शिकले होते. रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांनी सुमारे तीनशे ध्रुपदे घेतली. जयपूरच्या मुहम्मद अली खांसाहेबांच्या घराण्यातील तितकेच ख्याल त्यांना मिळाले. प्रथम खांसाहेबांचे पुत्र आशिक अली व अहमद अली यांच्याकडून, आणि नंतर प्रत्यक्ष वडिलांकडून.

सहाशे चीजा हा आकडा कागदावर लहान दिसतो. पण एकेक चीज मिळविण्यासाठी किती संध्याकाळी बसावे लागले असेल, किती वेळा तीच ओळ पुन्हा म्हणावयास सांगावी लागली असेल, याचा विचार करावा. गवई एकदा म्हणेल तसेच दुसऱ्यांदा म्हणेल याची खात्री नसे, आणि ते लिहून घ्यावयास सर्वमान्य लिपीही नव्हती. भातखंड्यांनी स्वतःची सोपी स्वरलिपी तयार केली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, सप्तकासाठी वर किंवा खाली टिंब आणि तालाच्या विभागांची खूण, एवढ्याच सामग्रीवर ती उभी आहे. कोणत्याही छापखान्यातल्या खिळ्यांनी ती छापता यावी आणि शाळेतल्या मुलाला ती एका आठवड्यात वाचता यावी, अशी ती आहे. तिच्यात मींड आणि श्रुतींचे बारकावे उतरत नाहीत, हा आक्षेप तेव्हाही होता व आजही आहे. आक्षेप खरा आहे. पण चीजेचा सांगाडा तरी तीत टिकतो, आणि जी चीज गवयाबरोबर सरणावर गेली तिचा सांगाडाही उरत नाही, हेही तितकेच खरे आहे.

१९०० साली त्यांची पत्नी वारली आणि १९०३ साली एकुलती मुलगीही गेली. त्यानंतरच्या सात-आठ वर्षांत त्यांनी हिंदुस्थानचा जो प्रवास केला तो पाहिला म्हणजे वाटते की घर हरवलेल्या माणसाने साऱ्या देशालाच घर करावयाचे ठरविले होते. १९०४ साली ते दक्षिणेकडे गेले. तंजावर म्हणजे मराठी राजांचे गाव. तेथील तुळजाराजांचा ‘संगीतसारामृत’ हा ग्रंथ अठराव्या शतकातला. एट्टयापुरम येथे सुब्बराम दीक्षित या वृद्ध पंडितांची त्यांनी गाठ घेतली. दीक्षितांचा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा थोर ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. व्यंकटमखीच्या बहात्तर मेळांची पद्धती भातखंड्यांना दक्षिणेत गवसली, आणि उत्तरेच्या रागांचा पसारा दहा थाटांत मांडण्याची त्यांची कल्पना याच परिचयातून आकारास आली. आपल्याच देवगिरीच्या यादवांच्या दरबारी तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला होता. पण त्यातील राग आजचा गवई कसे गातो हे कोणालाच सांगता येत नव्हते. ग्रंथातले लक्षण एकीकडे आणि गळ्यातले लक्ष्य दुसरीकडे, अशी फारकत झाली होती. भातखंड्यांनी गळ्याच्या बाजूने निवाडा दिला. शास्त्र लक्ष्याला अनुसरून पुन्हा लिहिले पाहिजे, असे त्यांनी ठरविले, आणि १९१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संस्कृत ग्रंथाला ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हेच नाव दिले. ग्रंथकर्ता म्हणून त्यांनी स्वतःचे नाव घातले नाही, ‘चतुर पंडित’ असे घातले.

१९०७ साली त्यांनी नागपूर, हैदराबाद, कलकत्ता असा पूर्वेकडचा प्रवास केला आणि १९०८-०९ मध्ये उत्तरेचा. अलाहाबाद, काशी, मथुरा, दिल्ली, जयपूर, बिकानेर अशी त्यांची यात्रा चालली होती, आणि त्याच यात्रेत त्यांनी लखनौही पाहिले. जेथे जात तेथे गावातला गुणी माणूस कोण याची चौकशी करीत, त्याच्या दारी जात, प्रश्न विचारीत आणि रात्री बिऱ्हाडी परत आल्यावर सारे संभाषण दैनंदिनीत उतरून काढीत. ही वकिलाची सवय होती. साक्ष घ्यावयाची, उलटतपासणी करावयाची, दोन साक्षींतला विरोध टिपून ठेवावयाचा आणि सर्व पुरावा पुढे आल्यावाचून निकाल द्यावयाचा नाही. कधी कधी ही उलटतपासणी गवयांना जाचक वाटली असेल यात शंका नाही. उस्तादांच्या शास्त्रज्ञानाविषयी भातखंड्यांचे मत फारसे आदराचे नव्हते, आणि ते लपविण्याची कलाही त्यांना फारशी साधली नव्हती. त्यांच्या चरित्रातील हा दोष आहे, आणि पुढे त्याची किंमत त्यांच्या कार्याला द्यावी लागली.

तथापि त्याच माणसाने रामपूरला जाऊन शिष्यत्व पत्करले, ही गोष्टही विसरता कामा नये. रामपूरचे नबाब हमीद अली खां हे संगीताचे जाणकार, आणि त्यांचे गुरू बीनकार वझीर खां हे तानसेनाच्या परंपरेतले. त्या दरबारातली विद्या बाहेर जात नसे. पन्नाशीच्या आसपासचा, ग्रंथ लिहिलेला, नामांकित वकील त्या दाराशी विद्यार्थी म्हणून उभा राहिला. इतर ठिकाणी त्याने प्रश्न विचारले. येथे त्याने हात पुढे केला. जे धन विकत मिळत नाही आणि वादविवादानेही मिळत नाही, ते नम्रतेने मिळते, हे त्याला कळले होते.

या साऱ्या भ्रमंतीचे फळ म्हणजे ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग. पहिला ग्रंथ गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने मराठीत लिहिला आहे. क्रमिक मालिकेत अठराशेच्या आसपास चीजा स्वरलिपीसह छापल्या आहेत, आणि तिचे शेवटचे भाग भातखंड्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. चीजांची भाषा ब्रज, तिचे गायक बहुतेक मुसलमान, राजे कोणी राजपूत तर कोणी पठाण, संग्राहक मराठी, पहिली मंडळी पारशी, आणि पुस्तके मुंबईची. ज्यांनी चीजा दिल्या त्यांना वाटले असेल की घरचे धन गेले. ज्यांनी पुस्तक विकत घेतले त्यांना वाटले की धन मिळाले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

ग्रंथ छापून भागत नाही, त्यांतून शिकविणारी शाळा हवी, हे भातखंडे जाणून होते. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. त्यानंतर १९१८ साली दिल्ली, १९१९ साली काशी, आणि चौथी व पाचवी लागोपाठ लखनौला, १९२४ व १९२५ सालच्या अखेरीस. दरम्यान १९१८ साली ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने संगीत विद्यालय निघाले होते. लखनौला मात्र जे घडले ते राजाच्या आश्रयाने घडले नाही. संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली, त्यांच्याच घरातले राय उमानाथ बली, आणि अकबरपूरचे तालुकेदार ठाकूर नवाब अली अशी काही मंडळी पुढे आली. या नवाब अलींनी भातखंड्यांच्या पद्धतीवर ‘मआरिफुन्नगमात’ हा उर्दू ग्रंथ लिहिला होता. म्हणजे मराठी पोथी लखनौला पोचण्यापूर्वी तिने उर्दूचा पोशाख केला होता! १९२६ च्या सप्टेंबरात प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या हस्ते विद्यालयाचे उद्घाटन झाले आणि त्यांचेच नाव त्याला मिळाले: ‘मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्थानी म्युझिक’. आरंभी ते तोपवाली कोठीत भरे. पुढे ते कैसरबागेत, परीखान्यात आले.

या परीखान्याचा पूर्वेतिहास सर्वांस ठाऊक आहे. वाजिद अली शाहाने येथे स्त्रियांना नृत्य-गायनाचे शिक्षण देण्याची व्यवस्था केली होती. त्या ‘पऱ्या’ म्हणून हा परीखाना. पाऊण शतकानंतर त्याच भिंतींत घंटेबरहुकूम वर्ग भरू लागले. वर्षाला परीक्षा, परीक्षेला अभ्यासक्रम, अभ्यासक्रमाला छापील पुस्तक. बारा वर्षे गुरूच्या घरी पाणी भरावे तेव्हा कोठे एक राग मिळावा, या रीतीच्या जागी पाऊण तासाची तासिका! आज ही गोष्ट आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की तो एक प्रयोग होता, आणि धोक्याचा प्रयोग होता, हे लक्षातही येत नाही. वरून तो सरकारी दिसे. पण पैशाची चणचण त्याच्या पाचवीला पुजली होती. कॉलेज चालले ते शिक्षकांच्या निष्ठेवर.

त्या निष्ठेचे नाव श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. त्यांचा जन्म मुंबईचा. ते भातखंड्यांचे शिष्य, आणि बडोद्यास फैयाज खांसाहेबांकडेही त्यांनी तालीम घेतली होती. म्हणजे पोथी आणि कंठ दोन्ही त्यांच्यापाशी होते. १९२८ पासून १९५७ पर्यंत ते या कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांच्याबरोबर लखनौच्या तबल्याचे खलिफा आबिद हुसेन खां शिकवीत, सरोदिये सखावत हुसेन खां शिकवीत, आणि पुढे मोहनराव कल्याणपूरकर कथक शिकवीत. १९३६ साली बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगलचा अकरा वर्षांचा एक मुलगा रातंजनकरांच्या घरी राहावयास आला. तोच पुढे पंडित के. जी. गिंडे. एस. सी. आर. भट, दिनकर कैकिणी, चिन्मय लाहिरी, सुमती मुटाटकर हे सर्व याच छपराखाली तयार झाले. वाईचे विष्णु गोविंद जोग येथेच व्हायोलिन शिकवीत, आणि सिंहलद्वीपातून आलेले अमरदेव त्यांच्याकडे शिकून आपल्या देशाच्या नव्या संगीताचे अध्वर्यू झाले. सिंहलद्वीपाचे हे नाते आज लखनौतही फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

रातंजनकर स्वतः प्रयोगी वृत्तीचे होते. ‘सुजान’ या नावाने त्यांनी शेकडो चीजा रचल्या, नवे राग बांधले, कर्नाटक पद्धतीच्या वर्णाचा ढाचा घेऊन हिंदुस्थानी रागांत रचना केल्या, संस्कृतात पदे केली, संगीतिका बसविल्या. मैफलीच्या बाजारात यांपैकी कशाला मागणी नव्हती. मैफलीचे मोठे नाव त्यांना कधी लाभले नाही, आणि ते त्यांनी शोधलेही नाही. विद्यार्थ्यांच्या लहानशा वर्तुळात त्यांची कला वाढली, ‘अभिनव गीतमंजरी’च्या भागांत ती साठली, आणि गिंडे-भटांच्या गळ्यातून ती पुढे लोकांसमोर आली. कोणी न मागितलेले नवे गाणे स्वतःच्या समाधानासाठी करावयाचे आणि ते चार शिष्यांपाशी ठेवून द्यावयाचे. स्टॉकहोमच्या त्या तरुणांपेक्षा हे फार वेगळे होते असे मला वाटत नाही.

येथपर्यंतची कथा कोणाही मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी आहे, आणि ती बहुधा येथेच संपविली जाते. परंतु इतिहासाने अभिमानापुढे दोन पावले गेले पाहिजे.

प्रत्येक संग्रहात जसे काही घेतले जाते तसे काही वगळलेही जाते. क्रमिक मालिकेत ध्रुपद, धमार, ख्याल, तराणे, लक्षणगीते यांची रेलचेल आहे. पण ज्या ठुमरीने लखनौचे नाव देशभर गेले तिला तेथे मानाचे पान नाही. ठुमरी ज्यांच्या कंठी होती त्या तवायफांचे घर हे संग्राहकांच्या यात्रेतले प्रमुख तीर्थ झाले नाही. परीखान्यात सभ्य घरांतील मुली शिकू लागल्या ही मोठीच सामाजिक क्रांती झाली; पण त्याच काळात चौकातल्या कोठ्यांवरचे दिवे मंदावत गेले आणि तेथील भावाची, बोल बनविण्याची विद्या लिहून घ्यावयास फारसे कोणी गेले नाही. एक तळघर उघडले गेले तेव्हा त्याच्या शेजारचे दुसरे अंधारातच राहिले.

दुसरी गोष्ट याहून अवघड. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे विद्वान गृहस्थ केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत राहिले. शास्त्रीय संगीताला राजाश्रय गेला, तर आता नभोवाणीनेच आश्रय द्यावा, ही त्यांची तळमळ खरी होती. १९५२ साली राष्ट्रीय संगीत कार्यक्रम सुरू झाला, १९५४ साली नभोवाणी संगीत संमेलन सुरू झाले. शेकडो कलावंतांच्या चुली त्यामुळे पेटत्या राहिल्या. पण त्याच हाताने दोन दारेही लावली गेली. चित्रपटगीतांना नभोवाणीवर जवळजवळ बंदी आली, आणि श्रोते सिलोनच्या नभोवाणीकडे गेले. यातली गंमत अशी की चित्रपटगीतांचे नामवंत संगीतकार रोशन आणि गायक तलत महमूद हे दोघेही याच मॅरिस कॉलेजात शिकलेले, आणि तलत महमूद १९३९ साली प्रथम गायले ते लखनौच्याच नभोवाणीवर. १९५७ साली विविध भारती सुरू करून सरकारला ते दार पुन्हा उघडावे लागले.

दुसरे दार कलावंतांच्या परीक्षेचे. नभोवाणीवर गाणाऱ्या प्रत्येकाची चाचणी घ्यावयाची, त्याची प्रत ठरवावयाची, आणि त्या परीक्षकमंडळाचे प्रमुख म्हणून रातंजनकर! पिढ्यान् पिढ्या गात आलेल्या खांसाहेबांना रागाचे नियम विचारले जाऊ लागले. त्यांच्या दृष्टीने हा अपमान होता. ज्यांच्या घरातून चीजा घेऊन पुस्तक झाले, त्याच पुस्तकाच्या आधारे आता त्यांची परीक्षा होत होती. ठिकठिकाणी विरोध झाला, बहिष्काराची भाषा झाली, आणि त्या रोषाचा मोठा वाटा रातंजनकरांना एकट्याने सोसावा लागला. त्यांचा हेतू शुद्ध होता याविषयी त्यांना ओळखणाऱ्यांत दुमत नव्हते. वशिल्याने होणाऱ्या नेमणुकांपेक्षा कसोटी बरी, हा विचारही चुकीचा म्हणता येणार नाही. पण गुरूने जे दार नम्रतेने ठोठावले होते, त्याच दाराशी शिष्याला नोंदवही घेऊन बसावे लागले, आणि आत येणाऱ्याला प्रश्न विचारावे लागले. यापेक्षा करुण योगायोग संगीताच्या इतिहासात मला माहीत नाही.

यातून भातखंडे-रातंजनकरांचे कार्य लहान ठरते काय? मुळीच नाही. त्यांची पुस्तके नसती तर त्या चीजांतील कित्येक आज कोणाच्याच नसत्या. ‘घराण्याचे गुपित’ म्हणून त्यांच्यावर ज्यांनी रोष धरला त्यांच्या नातवंडांनीही पुढे आजोबांची चीज क्रमिक पुस्तकातच शोधली असेल. पण संग्रह आणि सत्ता या दोन वेगळ्या वस्तू आहेत. भातखंडे हिंडत होते तेव्हा त्यांच्यापाशी कोणताही अधिकार नव्हता. होते ते कुतूहल, चिकाटी आणि एक वही. म्हणून दारे उघडली. जेव्हा तीच वही सरकारी कसोटी झाली तेव्हा दारे पुन्हा लागली. शोधलेले ज्ञान प्रमाण मानले जाऊ लागले की त्या प्रमाणाबाहेरचे सारे पुन्हा तळघरात जाते, आणि त्याच्यासाठी नवा शोधक जन्मावा लागतो. कुमार गंधर्वांनी देवासला आजारपणात माळव्याची लोकगीते ऐकून त्यांतून नवे राग उभे केले, ते असेच एक दार होते. आणि ते कोणत्याही परीक्षकमंडळाने उघडलेले नव्हते.

परीखान्याच्या आवारात आम्ही उभे होतो तेव्हा आतून एक मुलगी यमनाचा आरोह घोटीत असल्याचा आवाज येत होता. तंबोरा किंचित उतरलेला होता. चिरंजीव बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “तिकडे आमच्या मित्रांपैकी एकाने जुन्या फिती गोळा केल्या आहेत. तो म्हणतो, फिती मिळणे सोपे. ज्यांनी त्या जपल्या त्यांच्याशी बोलणे अवघड.” मला वाटले, भातखंड्यांच्या दैनंदिन्यांचे सार याहून वेगळे नाही.

१९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीला, भातखंडे मुंबईत वारले. शेवटची काही वर्षे ते पक्षाघाताने अंथरुणास खिळून होते. १९६६ साली उत्तर प्रदेश सरकारने कॉलेज आपल्याकडे घेतले आणि त्याला त्यांचे नाव दिले. २००० साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि २०२२ पासून ते राज्याचे विश्वविद्यालय आहे. परप्रांतीच्या माणसाचे नाव एखाद्या राज्याने आपल्या विश्वविद्यालयाला द्यावे, हा त्या राज्याचाही मोठेपणा आहे, आणि तो मान्य करण्यात आपण कृपणता करू नये.

आपल्यापैकी बहुतेकजण बदलीची माणसे. तीन वर्षे येथे, तीन वर्षे तेथे. सामान बांधावयाचे आणि सोडावयाचे. जेथे जातो तेथे मराठी मंडळ शोधतो, गणपती बसवतो, आणि गावाकडे पाठ करून गावात राहतो. भातखंडेही परगावीच हिंडत होते. पण प्रत्येक गावी त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो येथे कोण गुणी राहतो हा. आपल्या हाती अधिकार असतो, शिक्का असतो. त्याने पुष्कळ कामे होतात, राय राजेश्वर बलींनी केले तसे एखादे फार मोठे कामही होते. पण असे दार ठोठावताना तो शिक्का घरी ठेवून जावे लागते. अमौसीच्या आसपास, कारखान्यांच्या आणि वसाहतींच्या मागे, जुनी खेडी अजून आहेत. तेथे लग्नात आणि श्रावणात बायका काय गातात, हे इतकी वर्षे राहूनही मी कोणाला विचारले नव्हते. परवा प्रथमच विचारले. आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंनी प्रथम लाजून नाही म्हटले, मग म्हणाल्या, “बाबूजी, लिखोगे तो नहीं?” मी वही मिटली, आणि त्यांनी गायला सुरुवात केली.